हायवेचं काम चालू असताना आणि टोलनाक्यावर गाडी कशी चालवायची (पुणे-सातारा-कोल्हापूर रोडने नेहमी जाणाऱ्यांसाठी)

पुणे-कोल्हापूर रोडने जे नेहमी जातात त्यांना माहितीये की हा रस्ता गेली काही वर्षं एका अवस्थेत कधीच नसतो. सातारा ते कागल सहापदरीचं काम काढलंय, खंबाटकीला नवीन बोगदे, कराड-मलकापूरला उड्डाणपूल, मधे प्रत्येक मोठ्या गावाच्या फाट्यावर कुठे भुयारी मार्ग तर कुठे पूल. मागच्या महिन्यात डावीकडून गेलेला रस्ता या महिन्यात उजवीकडून असतो. त्यात भर म्हणून खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके. माझं सासर कोल्हापूरचं आणि नोकरी पुण्यात, त्यामुळे हा रस्ता आमच्या घरातला विषय आहे, आणि घरातल्या नव्याने गाडी शिकलेल्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. कामाची जागा काय किंवा टोलनाका काय, दोन्हीकडे धोका एकाच कारणाने होतो, ते म्हणजे वेगातला फरक. तुम्ही १०० ने येताय आणि पुढे गाड्या उभ्या आहेत, किंवा तुम्ही वेळेवर थांबलात पण मागचा अजून १०० नेच येतोय. १०० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं, डोक्याला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण दीड सेकंद जातो म्हणजे ४० मीटरच्या वर तर ब्रेक न लागताच गेलात, मग ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत अजून पन्नास-साठ मीटर. एकूण शंभर मीटर धरा, तेही कोरड्या रस्त्यावर आणि टायर चांगले असतील तर. तेच ५० च्या स्पीडला पस्तीस मीटरच्या आसपास काम होतं. म्हणजे स्पीड निम्मा केला की थांबायचं अंतर निम्मं नाही होत, तिसऱ्या हिश्श्यावर येतं. आणि भरलेल्या ट्रकला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं हे विसरू नका कारण बऱ्याचदा तोच आपल्या मागे असतो.

नवले पुलाचं उदाहरण पुणेकरांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ ला रात्री उतारावरून आलेल्या एका जड गाडीने एका झटक्यात जवळपास ४८ गाड्या ठोकल्या. तिथे खाली ट्रॅफिक हळू झालेली आणि वरून येणारी गाडी आवरली नाही, एवढंच. वांद्रे-वरळी सी लिंकवर नोव्हेंबर २०२३ मध्ये टोलनाक्याच्या अलीकडे भरधाव गाडी येऊन इतर गाड्यांवर आदळली, ३ जण गेले. टोलसाठी हळू झालेल्या गाड्या, आणि मागून एक जण हळू न झालेला.

तर मुद्दा हा की ब्रेक किती जोरात लावायचा यापेक्षा कुठून सुरुवात करायची हे महत्त्वाचं. लवकर, हळूहळू, आणि मागच्याला दिसेल असं.

काम सुरू होण्याच्या आधी

पिवळा बोर्ड दिसला, काम चालू आहे, डायव्हर्जन ५०० मीटर, गाडी हळू चालवा, की तिथूनच ॲक्सिलरेटर सोडायचा. बोर्ड दिसतो आणि आपण म्हणतो अजून लांब आहे, पुढच्याला ओव्हरटेक करून घेऊ मग बघू, आणि नेमकं तिथेच गणित फिसकटतं. कारण बोर्ड ५०० म्हणतो पण गाड्यांची रांग बोर्डाच्याही अलीकडे आलेली असू शकते, शनिवार-रविवार असेल किंवा गणपतीत कोकण-कोल्हापूरकडे सगळे निघालेले असतील तर हमखास. आणि दुसरं म्हणजे बोर्ड कधी कधी असतच नाही. रस्त्याच्या कामात वाहतूक कशी सांभाळायची याचे आपल्याकडे व्यवस्थित नियम आहेत, इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५५ म्हणून पूर्ण मार्गदर्शक आहे, त्यात आधी सूचनेचा भाग, मग गाड्या बाजूला वळवायचा भाग, मग कामाचा भाग, मग परत मूळ रस्त्यावर आणायचा भाग असं सगळं दिलंय. पण प्रत्यक्षात कुठे सोलर ब्लिंकर बंद पडलेला असतो, कुठे बॅरिकेड ट्रकने उडवलेलं आडवं पडलेलं असतं, आणि कुठे नुसते चुना मारलेले दगड किंवा पिंपात खोचलेली झाडाची फांदी. म्हणून बोर्डाशिवायच्या खुणा ओळखायला शिका. रस्त्यावर अचानक माती किंवा खडी सांडलेली दिसायला लागली, कडेला डंपर किंवा पाण्याचे टँकर दिसले, डिव्हायडरमधली झाडं गायब झाली, पांढरे पट्टे संपले किंवा जुने पट्टे खरवडून नवीन मारलेत, समोरच्या सगळ्या ट्रकचे ब्रेकलाईट एकदम लागले, तर पुढे काम आहे असं समजा.

स्पीड कमी करताना आरशात एकदा बघा. मागचा फार जवळ असेल तर ब्रेक पेडलला एक-दोनदा हलकं टॅप करा म्हणजे लाईट लुकलुकतात आणि त्याचं लक्ष जातं. पुढे रांग पूर्ण थांबलेली असेल आणि तुम्ही त्या रांगेतले शेवटचे असाल तर चारही इंडिकेटर चालू करा आणि मागे दोन-चार गाड्या येऊन थांबेपर्यंत चालूच ठेवा. पुढच्या गाडीला चिकटून थांबू नका, तिचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढी जागा सोडा आणि नजर आरशात ठेवा. मागून कोणी आवरत नाहीये असं दिसलं तर बाजूला सरकायला निदान जागा असते. पण पावसात नुसतं सरळ जाताना चारही इंडिकेटर लावून चालवू नका, इकडे फार जण करतात ते, त्यात तुम्ही थांबलाय का चाललाय तेच मागच्याला कळत नाही आणि लेन बदलताना इंडिकेटर दाखवायची सोयही राहत नाही.

मॅप्सवर फार विसंबू नका इथे. पूल बंद करून खालून रस्ता काढलेला असतो आणि बाई मोबाईलमधून शांतपणे पुलावर जायला सांगत असते. बोर्ड आणि झेंडेवाला माणूस जे सांगतो ते खरं.

डायव्हर्जनमध्ये शिरल्यावर

लेन कमी होतेय असं दिसलं की एकानंतर एक असं आत शिरायचं, तुमच्याकडचा एक, शेजारच्या लेनमधला एक. मातीच्या कडेवरून पुढे पळून मग तोंडाशी घुसणारे चार जण सगळ्यांची अर्धा तास वाट लावतात, आणि ती कड बऱ्याच ठिकाणी खालून पोकळ असते किंवा शेजारीच गटाराचा खड्डा खणलेला असतो.

आत गेल्यावर ४० पेक्षा जास्त स्पीड ठेवू नका, बोर्ड कमी सांगत असेल तर कमी. ओव्हरटेक नाही. हे दोन नियम पाळले तरी अर्ध्याहून जास्त धोका गेला. आता बारकावे.

एक, रस्त्याची उंची. जुनं डांबर खरवडलेलं असतं किंवा नवीन थर एकाच लेनवर टाकलेला असतो आणि दोन लेनमधे दोन-चार इंचाची पायरी तयार होते. कारला तिथून तिरकं घसटत जाऊ नका, टायरची कड फाटते आणि स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. टू-व्हीलरवाल्यांसाठी तर ही पायरी फारच वाईट, कारण ती गाडीच्या दिशेलाच लांब जात असते आणि चाक तिला समांतर घासलं की गाडी आडवी होते. लेन बदलायचीच असेल तर आधी स्पीड एकदम कमी, मग जरा मोठा कोन करून पायरी पटकन ओलांडायची, पायरीच्या कडेकडेने रेंगाळत नाही. त्यापेक्षा बदलूच नका लेन. खरवडलेल्या रस्त्यावर ज्या बारीक रेघा असतात त्यात बाईकचं चाक डुलतं, घाबरून हँडल घट्ट आवळू नका आणि पुढचा ब्रेक दाबू नका, स्पीड आपोआप उतरू द्या.

नवीन थर टाकायच्या आधी पातळ डांबर फवारतात, ते काळं चकचकीत दिसतं, त्यावर टू-व्हीलर घातलीत तर पावसात तेलावर घातल्यासारखी. सुटी खडी आणि पुलाच्या कामावर रस्त्यात टाकलेल्या लोखंडी प्लेटा यांचंही तेच, सरळ जायचं, वळताना ब्रेक नाही.

दोन, कामाच्या गाड्या. डंपर, ट्रान्झिट मिक्सर, जेसीबी, रोलर, पाण्याचे टँकर. या गाड्या बॅरिकेडच्या मधल्या फटीतून कुठूनही बाहेर येतात आणि बाहेर येताना त्यांचा स्पीड असतो दहा. त्यांच्या ड्रायव्हरला शेजारचं खालचं काही दिसत नाही, त्यामुळे फट दिसली की तिथे कोणीतरी बाहेर पडणार आहे असं धरूनच चाला. रोलर आणि जेसीबी मागे येताना बीपबीप वाजतं पण काचा बंद आणि गाणी चालू असतील तर तुम्हाला काय ऐकू येणार. आणि रात्रीची एक खास गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या डंपरच्या लाल लाईटमागे आंधळेपणाने जाऊ नका. आपल्याला वाटतं तो रस्त्याने चाललाय, तो वळतो कामावर, आणि आपण त्याच्यामागे बॅरिकेडच्या आत खडीच्या ढिगाऱ्यात. रस्ता स्वतःच्या हेडलाईटमध्ये शोधायचा.

डिव्हायडरमधल्या झाडांना पाणी घालणारा टँकर हा काम नसलेल्या भागातला पण तसाच प्रकार आहे. सगळ्यात उजव्या म्हणजे सगळ्यात फास्ट लेनमध्ये तो चालण्याच्या वेगाने चाललेला असतो किंवा चक्क उभा असतो, मागे एक लाल झेंडा, बस. सकाळी उजव्या लेनला चिकटून जाणाऱ्यांनी वळणापलीकडे तो असू शकतो हे लक्षात ठेवावं.

तीन, दुहेरी वाहतूक. एका बाजूचा रस्ता पूर्ण बंद करून दोन्हीकडच्या गाड्या एकाच बाजूने सोडतात तेव्हा सगळ्यात जास्त सावध राहायचं, कारण चौपदरी हायवेवर समोरून गाडी येणार नाही याची आपल्याला इतकी सवय झालेली असते की दोन किलोमीटर गेल्यावर माणूस विसरतो आणि पुढच्या ट्रकच्या मागून उजवीकडे डोकं काढतो. मधे शंकू किंवा प्लास्टिकचे लाल-पांढरे बॅरियर असतील तर ठीक, नसतील तर तुमची बाजू डावी, एवढंच सारखं मनात म्हणत राहा. अप्पर लाईट अजिबात नाही, डिपरवरच. समोरच्याने अप्पर मारला तर त्याच्या लाईटकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघून चालवा, दिसतं नीट.

चार, गावातली वर्दळ. पुलाचं काम असताना हायवेची सगळी ट्रॅफिक सर्व्हिस रोडवर येते आणि तो सर्व्हिस रोड मुळात गावाचा असतो. कराड-मलकापूरच्या कामात हेच होतं, एकीकडे कोल्हापूरहून येणारे कंटेनर आणि दुसरीकडे कॉलेजची पोरं, रिक्षा, दवाखान्यात निघालेली माणसं, एसटीला हात करणारे, सगळे त्याच दोन लेनमधे. तिथे हॉर्न वाजवत सुटण्यात काही अर्थ नाही. त्यांचा रस्ता आपण वापरतोय. शाळा सुटायच्या वेळेला तर २० ने चला.

आणि या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च म्हटलं की ऊस. सातारा, सांगली, कोल्हापूर, कारखाना सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, छकडे सगळे हायवेवर. ट्रॉलीच्या मागे ऊस एवढा बाहेर आलेला असतो की रिफ्लेक्टर असला तरी झाकला जातो, मागचा लाईट तर बहुतेक नसतोच. रात्री त्या ट्रॉलीचा रंग आणि अंधाराचा रंग एकच. कामामुळे रस्ता अरुंद झालेला, समोरच्याचा लाईट डोळ्यात, आणि पुढे ही न दिसणारी ट्रॉली १५ च्या स्पीडला, यात काय होतं ते या भागातल्या प्रत्येक गावाला माहितीये. एकच उपाय, हेडलाईट जिथवर पोचतो तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच स्पीड. डिपरवर साधारण तीस-चाळीस मीटरच नीट दिसतं, वरचं गणित लावून बघा, ५० च्या पुढे जमत नाही. आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या दादांना पण हात जोडून विनंती, दोन्ही ट्रॉल्यांना मागून लाल रिफ्लेक्टर लावा, उसाच्या वरून लावा.

झेंडेवाला माणूस

कामाच्या तोंडाशी जॅकेट घालून लाल-हिरवा झेंडा घेऊन जो उभा असतो त्याच्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. बहुतेक वेळा तो लांबच्या राज्यातून आलेला तरुण मुलगा असतो, उन्हात आठ-दहा तास उभा, आणि त्याच्यापासून दोन फुटांवरून आपण ८० ने जातो. त्याने लाल दाखवला म्हणजे थांबायचं, पुढे काही दिसत नसलं तरी, कारण पलीकडच्या टोकाच्या माणसाने तिकडच्या गाड्या सोडलेल्या असतात. रस्ता मोकळा दिसतोय की म्हणून घुसलात तर मधे समोरासमोर, मग कोणालाच मागे घेता येत नाही. त्याच्या शेजारून जाताना शक्य तेवढं लांबून जा. या लोकांचं काम मुळातच जिवावरचं आहे, १ ऑगस्ट २०२३ ला समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर म्हणजे मोठ्या तुळया उचलून बसवणारं यंत्र) कोसळून २० जणांचा जीव गेला. त्यात आपल्या घाईची भर नको.

त्यावरून आठवलं, पुलाचं काम चालू आहे, वर गर्डर किंवा क्रेन आहे, तर त्याच्या बरोबर खाली रांगेत थांबू नका. अलीकडे थांबा, पुढची जागा मोकळी झाली की एकदम पलीकडे जा. मागचा हॉर्न मारेल, मारू दे. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई-गोवा हायवेच्या चालू कामातला पुलाचा भाग खाली आलाच होता.

पावसाळ्यात या सगळ्यात एक वाढतं, पाण्याने भरलेले खड्डे. सर्व्हिस रोडवर पाणी साचलेलं दिसलं की किती खोल आहे हे कळायचा मार्ग एकच, पुढची गाडी कशी जातेय ते बघायचं, तिची चाकं किती बुडतात, ती कुठे उसळते. उन्हाळ्यात धूळ. वायपरच्या टाकीत पाणी भरून निघा, कोरड्या धुळीवर वायपर फिरवला की काच ओरखडते आणि संध्याकाळी कोल्हापूरहून येताना सूर्य डावीकडून तिरका आला की त्या ओरखड्यांमधून समोरचं काही दिसत नाही.

टोलनाका

टोलनाक्याची तयारी घरी करायची असते. फास्टॅगमध्ये बॅलन्स आहे का, केवायसी झालंय का, टॅग ब्लॅकलिस्ट तर नाही ना, हे निघायच्या आदल्या दिवशी बघा, बूमसमोर (लेन अडवणाऱ्या आडव्या दांड्यासमोर) उभं राहून रिचार्ज करत बसलात की मागे वीस गाड्या. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर असा नियम आला की टॅग नसेल किंवा चालत नसेल तर रोख दिल्यास टोल दुप्पट, आणि यूपीआयने दिल्यास सव्वापट. १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी कार, जीप, व्हॅनसाठी वार्षिक पासही मिळतो, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यातलं जे आधी संपेल ते, नेहमीच्यांना परवडतो. फक्त एक लक्षात घ्या, हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेच्या नाक्यांवरच चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी हे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे, तिथे नेहमीसारखे बॅलन्समधून पैसे जातात. पास आहे म्हणून बॅलन्स शून्य ठेवून मुंबईला निघालात तर नाक्यावर अडकाल.

टॅग काचेवर आतून, आरशाच्या मागे वरच्या बाजूला चिकटवलेला पाहिजे. हातात धरून दाखवणं, डॅशबोर्डवर ठेवणं बंद करा, असे न चिकटवलेले टॅग ब्लॅकलिस्ट करायचं धोरण जुलै २०२५ मध्येच आलंय, आणि शिवाय हातात टॅग घेऊन खिडकीतून वाकणाऱ्या माणसाचा पाय ब्रेकवर नीट नसतो.

आता नाका जवळ आल्यावर. लांबूनच वरचे बोर्ड वाचा आणि लेन ठरवा, आणि एकदा ठरवली की बदलायची नाही. टोलनाक्यावरच्या ठोकाठोकीचं एक मोठं कारण हे शेवटच्या पन्नास मीटरमधे शेजारची रांग लहान दिसली म्हणून तिरकं घुसणं आहे. दोन मिनिटं वाचतात, कधी वाचतही नाहीत, कारण ती रांग लहान असते ती तिथला स्कॅनर हळू आहे म्हणूनच. ट्रक साधारण डावीकडच्या लेनला असतात, कारने शक्यतो त्यांच्यात जाऊ नये. गेलातच तर ट्रकच्या मागे जास्त जागा सोडा, तो निघताना थोडा मागे येतो. ॲम्ब्युलन्ससाठी ठेवलेली लेन मोकळी दिसते म्हणून तिच्यात शिरू नका.

रंबल पट्ट्या आणि स्पीडब्रेकर यांच्या आधी ब्रेक पूर्ण करा, त्यांच्यावर गाडी असताना नाही. लेनमधे शिरताना २० च्या आसपास. पुढची गाडी बूमखालून पूर्ण बाहेर जाईपर्यंत तिच्यामागे शिरू नका, कारण तिचा टॅग चालला नाही तर ती मागे घेणार, किंवा तिच्यासाठी उघडलेला बूम तुमच्या बॉनेटवर पडणार. बूम वर गेला, दिवा हिरवा झाला, मग निघा.

लेनमधे जिथे सगळ्या गाड्या थांबतात तिथे जमिनीवर बघा कधीतरी, मधोमध एक काळा पट्टा दिसेल, वर्षानुवर्षं ठिबकलेलं ऑईल आणि डिझेल. पहिल्या पावसात तो पट्टा साबणासारखा होतो. टू-व्हीलरला टोल नसतो आणि त्यांना बहुतेक नाक्यांवर कडेने वेगळी अरुंद वाट असते, ती वापरा. आणि कारच्या लेनमधून जावंच लागलं तर तो मधला पट्टा सोडून चाकांच्या खुणांवरून जा, पाय खाली टेकताना पण बघून टेकवा.

माणसं. नाक्यावर गाड्यांच्या मधून शेंगदाणे, पाण्याच्या बाटल्या, सीझनला आनेवाडीच्या बाजूला स्ट्रॉबेरी विकणारी माणसं फिरत असतात, टोलचे कर्मचारी एका बूथमधून दुसऱ्या बूथकडे रस्ता ओलांडत असतात, ट्रकचे क्लीनर उतरलेले असतात. गाडी थांबलेली असली तरी परत हलवायच्या आधी दोन्ही आरसे आणि समोर बॉनेटच्या अगदी जवळ बघा. काही घ्यायचं असेल तर नाका पार करून नीट जागेवर थांबून घ्या, लेनमधे सुट्टे पैसे मोजत बसू नका, त्या विकणाऱ्याला पण दोन गाड्यांच्या मधे उभं करता तुम्ही.

टॅग वाचला गेला नाही तर गाडीतच बसा. कर्मचारी हातातला स्कॅनर घेऊन येतो, दोन मिनिटं लागतात. तुमचा टॅग व्यवस्थित आहे, बॅलन्स आहे आणि बिघाड त्यांच्या मशीनचा आहे तर नियमाने तुम्हाला पैसे न घेता सोडायचं असतं आणि शून्य रकमेची पावती द्यायची असते, ते शांतपणे सांगा. नाही ऐकलं तर पावती घ्या आणि नंतर १०३३ वर तक्रार करा. खाली उतरून भांडू नका. भांडणात कोण बरोबर हा प्रश्नच नाही, दोन लेनच्या मधे उतरून उभं राहणं हेच जिवावरचं आहे. आणि रिव्हर्स कधीच घेऊ नका, चुकीच्या लेनमधे आलात तरी पुढूनच सुटका करून घ्या. बूथवर बसलेली मुलगी किंवा मुलगा दिवसभर धूर खात बसलेले असतात, त्यांनी टोलचा दर ठरवलेला नाही.

नाका पार झाला की खरी गडबड सुरू होते. दहा-बारा लेनमधून सुटलेल्या गाड्या पुढे तीन लेनमधे बसणार आणि प्रत्येकाला पहिलं जायचंय. इथे पिकअप घेऊन रेस लावू नका. आपल्या सरळ रेषेत जा, आधी दोन्हीकडे बघा, इंडिकेटर देऊन एकेक लेन सरका, ट्रकला पुढे जाऊ द्या किंवा त्याच्या बरंच आधी निघून जा, त्याच्या शेजारी चिकटून राहू नका. नाक्याच्या लगेच पुढे डावीकडे ट्रॅव्हल्सच्या बसेस थांबतात, कोणी टॅग रिचार्ज करत उभं असतं, कोणी बाथरूमला पळत असतं. त्यामुळे बाहेर पडल्या पडल्या सगळ्यात डावी लेन पकडू नका. सीट बेल्ट टोलसाठी काढला असेल (मागे बसलेले काढतातच) तर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मधेच गाडी बंद पडली तर

कामाच्या पट्ट्यात कडेला जागा नसते ही मोठी अडचण. गाडी कुरकुर करायला लागली तर तिथेच उभी करू नका, टायर पंक्चर असलं तरी हळूहळू रेटत डायव्हर्जन संपेपर्यंत किंवा एखाद्या मोकळ्या जागेपर्यंत न्या. टायर गेला तर गेला. नाहीच हलली तर चारही इंडिकेटर चालू, माणसं सगळी डावीकडच्या दरवाज्याने बाहेर आणि बॅरिकेडच्या पलीकडे सुरक्षित जागी, गाडीत बसून राहायचं नाही. लाल त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास पावलांवर, आणि तो ठेवायला जाताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून कडेने चालत जायचं. रात्री मोबाईलचा टॉर्च चालू ठेवा. मग १०३३ ला फोन, ती राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाईन आहे, चोवीस तास, तिथून क्रेन, ॲम्ब्युलन्स मिळते. कोणाला लागलं असेल तर १०८ किंवा ११२.

फोन केला की पहिलं विचारतात कुठे आहात, आणि आपण सांगतो कराडच्या पुढे ढाब्याजवळ. त्याचा उपयोग होत नाही. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, मधे दर २०० मीटरवर छोटे दगड, त्यावरचा आकडा सांगा आणि पुण्याकडे तोंड आहे का कोल्हापूरकडे ते सांगा. कामात दगड उखडलेले असतात तर मोबाईलवरून लोकेशन बघून जवळच्या गावाचं नाव आणि तुम्ही पुलावर आहात का खाली ते सांगा.

हाच नंबर आणि हाच आकडा तक्रारीलाही चालतो. ब्लिंकर बंद आहे, खड्ड्याला बॅरिकेड नाही, डायव्हर्जनचा बोर्डच नाही असं दिसलं तर शेजारी बसलेल्याने फोटो काढावा, किलोमीटर लिहून ठेवावा आणि १०३३ वर किंवा राजमार्गयात्रा ॲपवर टाकावा, तक्रार नंबर घ्यावा. दोन दिवसांनी परत जाताना तोच ब्लिंकर बंद दिसला तर त्याच नंबरचा दाखला देऊन पुन्हा फोन करा.